आधी पडदा, मग भूमिका

आमच्या गावच्या नाटकात ज्याला काम हवं, त्याने आधी एक वर्ष पडद्यामागे राबायचं, असा नियम आहे. तो कुठे लिहून ठेवलेला नाही. पण सरपंचांच्या मुलालाही तो लागला आणि मुंबईत कॉलेजच्या एकांकिकांमधून बक्षिसं मिळवून आलेल्या मुलालाही लागला. दोघांनी एकाच मे महिन्यात दर्शनी पडद्याच्या दोन दोऱ्या धरल्या. पहिल्या तालमीत एकाने दोरी लवकर ओढली, दुसऱ्याने उशिरा, आणि पडदा मधोमध अडकून बसला. मग दोघं दुपारच्या उन्हात रिकाम्या रंगमंचावर तासभर एकमेकांच्या हाताकडे बघत दोऱ्या ओढत होते. प्रयोगाच्या रात्री पडदा असा सरकला, की गावातल्या एकानेही त्याची दखल घेतली नाही. पडदा ओढणाऱ्याला याहून मोठी शाबासकी नसते, हे त्या दोघांना तेव्हा कळलं.

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. मी डोंबिवलीत राहते, एका कंपनीत हिशेबाचं काम करते. मे महिन्यात जमतील तितकी रजा टाकून गावी जाते, ती आंब्या-फणसांसाठी आणि त्याहून जास्त नाटकासाठी. गेली ११ वर्षं पडद्यामागची मुलं माझ्याकडे असतात. सगळ्यांची मी आत्या. यंदा १४ जण होते. सगळ्यात धाकटी ११ वर्षांची, सगळ्यात थोरला २२ वर्षांचा. त्यातले निम्मे गावात राहणारे, निम्मे मुंबई, ठाणे, विरारहून सुट्टीला आलेले.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. १ मेच्या सुमारास शाळांचे निकाल लागतात आणि चाकरमानी गावाकडे निघतात. ७-८ जूनला मृग लागतो, त्यानंतर पावसाचा भरवसा धरता येत नाही. शाळा जूनच्या मध्याला उघडतात. या मधल्या दिवसांत घरं उघडलेली असतात, वाडीत माणसं असतात, शेतीची कामं सुरू व्हायची असतात. म्हणून पुष्कळ गावांत देवळातली सत्यनारायणाची पूजा याच दिवसांत होते आणि पूजेच्या रात्री गावच्या मंडळाचं नाटक होतं. नाटक बसवायला हातात येतात जेमतेम वीस दिवस.

ही रीत घडली ती मुंबईच्या गिरण्यांमुळे. लालबाग, परळ, शिवडीच्या चाळींतून एकेका गावाची खोली असायची. पाळी संपवून आलेली गावची माणसं तिथे एकत्र राहायची, जेवायची, भजनं करायची आणि नाटकाच्या तालमीही करायची. बसवलेलं नाटक मे महिन्यात गावी न्यायचं. माझे आजोबा आणि थोरले काका दोघंही गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर ती खोली हळूहळू मोडली आणि तालमी गावातच करायची वेळ आली. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आलं. गावच्या मंडळाने पौराणिक नाटक करायला घेतलं की काय काय होतं, तोच त्याचा विषय आहे. गवाणकर मूळचे आमच्याच तालुक्यातले. मच्छिंद्र कांबळींनी ते नाटक गाजवलं, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला आमच्या मांडवांची ओळख झाली. लोक पोट धरून हसले. तसा गोंधळ व्हायला नको म्हणून मांडवामागे किती हात राबतात, ते मात्र प्रेक्षकाला दिसत नाही. या लेखात मला ते हात दाखवायचे आहेत.

आमची पद्धत जोडीची आहे. पडदा, प्रॉपर्टी, पुस्तक, दिवे, कपडे, रंगपट, मांडव आणि पाणी अशी कामं वाटलेली असतात. बहुतेक कामांवर दोघं असतात, एक ज्याला ते काम येतं तो आणि एक त्याच्या हाताखालचा. हाताखालचा वयाने लहानच हवा, असं नाही. पुण्यात इंजिनीअरिंग शिकणारी मुलगी आमच्याकडे आठवीतल्या मुलाच्या हाताखाली मांडवावर होती. त्याला बांबू आणि सुंभाची गाठ येत होती, तिला येत नव्हती. तो तिला ‘ताई’ म्हणायचा आणि गाठ सैल दिसली की सोडून पुन्हा बांधायला लावायचा. तिनेही निमूट बांधली. शहरातल्या आणि गावातल्या मुलांनी मिळून-मिसळून वागावं म्हणून आम्ही कधी भाषण केलं नाही. ती गाठ पुरेशी झाली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ केलं. त्यातली बरीचशी पदं गाळावी लागली, कारण गाणारी माणसं आता गावात उरली नाहीत. देवलांनी आधी १८९३ साली हेच कथानक ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ म्हणून गद्यात लिहिलं होतं, त्यामुळे पदांशिवायही ते चालतं, एवढा धीर होता. जुनं नाटक घेण्याचं आणखी एक कारण होतं. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या लेखनाचे हक्क वारसांकडे असतात. देवल १९१६ साली गेले. त्यांचं नाटक करायला आता कुणाची परवानगी लागत नाही. हयात लेखकाचं नाटक घेतलं तर आधी पत्र लिहून परवानगी घ्यायची आणि मानधन पाठवायचं, हेही आम्ही मुलांनाच करायला लावतो. पुस्तक विकत घेतलं म्हणजे नाटक आपलं झालं, असा समज मोठ्या माणसांतही असतो.

‘संशयकल्लोळ’चा सगळा डोलारा एका छोट्याशा तसबिरीवर उभा आहे. रेवतीला रस्त्यात घेरी येते, तिच्याजवळची अश्विनशेटची तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते, आणि फाल्गुनरावांच्या डोक्यात संशय शिरतो. तसबीर वेळेवर हातात नसेल तर पुढचं नाटकच होत नाही. ही तसबीर ज्या मुलीच्या ताब्यात होती ती १३ वर्षांची होती.

तिने काय केलं ते सांगते. रंगपटातल्या बाकावर जुनं वर्तमानपत्र पसरलं. प्रत्येक वस्तू त्यावर ठेवून तिच्याभोवती पेनाने रेघ मारली. तसबीर, काठी, पानाचा डबा, पत्र, पैशांची पिशवी. रेघेच्या आत नाव लिहिलं, कुठल्या अंकात कोण नेणार ते लिहिलं. वस्तू उचलली की कागदावर तिची रिकामी जागा दिसायची. अंक संपला की ती बाकाकडे बघायची, कुठली जागा रिकामी आहे ते हेरायची आणि त्या नटाकडे जाऊन हात पुढे करायची. तिच्या दुप्पट-तिप्पट वयाची माणसं खिशातून वस्तू काढून मुकाट तिच्या हातावर ठेवत होती. हाताखाली ११ वर्षांची दुसरी होती. तिचं काम एकच, बाक सोडून जायचं नाही. हौशी नाटकांत प्रॉपर्टी हरवते ती चोरीने फार क्वचित. नट ती हातात घेऊनच चहाला जातो आणि तिथेच विसरतो. त्या रात्री आमची एकही वस्तू हरवली नाही.

पुस्तक धरणं, म्हणजे प्रॉम्प्टिंग, हे सगळ्यात अवघड काम. मी १९९१ साली १४ वर्षांची असताना पहिल्यांदा पुस्तक धरलं. त्या नाटकात थोरले काका बापाच्या भूमिकेत होते. तिसऱ्या अंकात मुलाचं पत्र वाचून ते गप्प उभे राहिले. मला वाटलं, विसरले. मी विंगेतून वाक्य दिलं, आणि घाबरल्यामुळे इतकं मोठ्याने दिलं की पुढच्या चार रांगांना ऐकू गेलं. ते विसरले नव्हते. ते थांबले होते. देवळासमोर बसलेली शेकडो माणसं त्या क्षणी त्यांच्याबरोबर थांबली होती, आणि मी ते मोडलं. काकांनी ते वाक्य घेतलं, प्रवेश पुढे गेला. रात्री कुणी मला काही बोललं नाही, आणि मला झोप लागली नाही.

सकाळी विहिरीवर काका दात घासत होते. मी जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, “विसरलो तर मी तुझ्याकडे येणार गो. पाय आपोआप विंगेकडे वळतात. थांबलो तर जाग्यावर असेन. माझ्या पायांकडे बघ.”

चौतीस वर्षं मी हेच पुढे सांगते आहे. पुस्तक धरणाऱ्याने नटाच्या तोंडाकडे बघू नये, पायांकडे बघावं. विसरलेल्या माणसाचा तोल बदलतो, तो एका पायावरून दुसऱ्या पायावर जातो. थांबलेल्या माणसाचे पाय रोवलेले असतात. शिवाय तालमीत जिथे जिथे नट ठरवून थांबतो, तिथे पुस्तकात पेन्सिलीने उभी रेघ मारायची. लांब थांबत असेल तर दोन रेघा. वाक्य द्यायचं तर पहिले दोन-तीनच शब्द द्यायचे, आणि नटाचा श्वास आत जात असताना द्यायचे. हे शिकायला वीसच्या वीस तालमींना बसावं लागतं, म्हणून पुस्तक धरणारं मूल एक दिवसही गैरहजर राहत नाही. घरी कुणी गप्प बसलं तर लगेच बोलायला जायचं, की थोडं थांबायचं, हेही मला तेव्हापासून जरा समजायला लागलं.

दिव्यांचं काम आकड्यांचं. आमच्या गावात पूर्वी गॅसबत्त्या होत्या, मग हॅलोजन आले. पॉलिटेक्निकला जाणाऱ्या एका मुलाकडे दिवे होते त्या वर्षी त्याने कागदावर हिशेब मांडून सगळ्यांना दाखवला. ५०० वॅटचे १२ दिवे म्हणजे ६००० वॅट. त्याला २३० व्होल्टने भागलं की २६ अँपिअर. घरातला साधा प्लग ६ अँपिअरचा, मोठा १६ अँपिअरचा. म्हणजे देवळातल्या एका प्लगवर हे सगळं लावलं तर वायर तापणार. तोपर्यंत आम्ही तेच करत आलो होतो. त्याचा कागद बघून मंडळाने महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यायला सुरुवात केली. जोडणीला परवानाधारक वायरमनच हात लावतो, मुलं फक्त दिव्यांच्या बाजूला असतात, हा नियमही त्यानंतर आला. आता एलईडी दिव्यांमुळे भार पुष्कळ कमी झाला आहे, तरी दरवर्षी दिव्यांवर असलेलं मूल हा भागाकार करून कागद भिंतीला चिकटवतं. कागद चिकटवल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

वेळेचंही तसंच. माझ्या लहानपणी नाटक रात्री ११ला सुरू व्हायचं आणि कोंबडा आरवला की संपायचं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. वर्षातले काही मोजके दिवस सरकार १२ वाजेपर्यंत सूट देतं, पण आमची तारीख त्यात येईल असं नाही. म्हणून आमची तिसरी घंटा आता संध्याकाळी ७ला होते आणि पावणेदहाला पडदा पडलाच पाहिजे. दोन अंकांमध्ये नेपथ्य बदलायला ६ मिनिटं. घड्याळ लावून पोरं तालमीत फ्लॅट उचलतात, कोण कुठल्या बाजूने जाणार ते पायांना पाठ होईपर्यंत. संहितेचं परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, पोलीस ठाण्यातला अर्ज, लाऊडस्पीकरची परवानगी हे सगळं १८ पूर्ण झालेल्या दोघांकडे असतं. गेल्या वर्षी त्यातल्या एकाने पहिल्यांदा सरकारी अर्ज लिहिला. ‘महोदय’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत चार वेळा लिहून घेतला, मग नेला. पुढे दोनच महिन्यांनी वडिलांच्या सात-बाऱ्याच्या कामाला तलाठ्याकडे तोच गेला.

मुलींची गोष्ट वेगळी सांगायला हवी. आजोबांच्या वेळी स्त्रीभूमिका मुलगेच करत. दशावतारात आजही बहुतेक पुरुषच करतात, आणि ती मोठी कला आहे. नंतर आमच्याकडे बाहेरून स्त्रीपात्रं आणायची पद्धत पडली. तालुक्याच्या गावाहून, कधी मुंबईहून पैसे देऊन नट्या यायच्या, एक-दोन तालमी करायच्या आणि प्रयोग करून निघून जायच्या. गावातली मुलगी स्टेजवर जाणं कुणाला मान्य नव्हतं. मी घरोघरी सांगायला गेले तेव्हा ‘नाटकात पाठवा’ असं म्हटलंच नाही. ‘कपड्यांना कुणीतरी हवं आहे’ एवढंच म्हटलं. कपड्यांना पाठवायला घरच्यांची हरकत नव्हती. मुली तालमींना बसू लागल्या. रात्री तालीम सुटली की वाडीप्रमाणे घोळका करून, बॅटऱ्या घेऊन, आम्ही एकेकीला घरापर्यंत पोचवायचो. दोन वर्षांत आयांना त्या बॅटऱ्यांच्या उजेडाची सवय झाली. काही आया स्वतःच तालीम बघायला येऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी त्यातलीच एक म्हणाली, “आत्या, आमच्या हिला सगळं नाटक पाठ आहे. बाहेरची बाई कशाला आणताय?” ‘संशयकल्लोळ’मधली कृत्तिका त्या मुलीनेच केली. आमच्या मंडळाने त्यानंतर बाहेरून स्त्रीपात्र आणलेलं नाही.

असं असूनही दर दोन-चार वर्षांनी बैठकीत एक विचार येतोच. वर्गणी आहे, माणसं कमी आहेत, मग पैसे देऊन बाहेरचा संच का आणू नये? एका वर्षी तसं केलंही. संच चांगला होता, नाटकही रंगलं. सकाळी टेम्पो निघून गेला आणि देवळासमोरचा चिऱ्यांचा रंगमंच झाडायला कुणी नव्हतं. पुढच्या वर्षी आपलं नाटक पुन्हा उभं करायला बसलो, तेव्हा पडद्याच्या कड्या कुठे ठेवल्या आहेत हे कुणालाच आठवेना. ज्याला माहीत होतं तो दुबईला नोकरीला गेला होता, आणि त्याच्या हाताखाली त्या एका वर्षात कुणी तयार झालं नव्हतं. शेवटी दुबईला फोन लावला. कड्या शाळेच्या पोटमाळ्यावर, भाताच्या रिकाम्या कणगीत निघाल्या.

तेव्हापासून मी वही ठेवते. प्रत्येक कामाची चार पानं. यंदा कोण होतं, हाताखाली कोण होतं, काय चुकलं, वस्तू कुठे ठेवल्या. वही मुलंच लिहितात, मी फक्त वाचते. माणूस गावात राहील याची खात्री आज कुठल्याच वाडीला देता येत नाही. बारावी झाली की मुलगा रत्नागिरी, मुंबई, पुण्याला जातो, आणि त्याने जायलाच हवं. पण जाताना त्याचं काम गावातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असावं, एवढं आपल्याला करता येतं. गावचं नाटक चांगल्या नटांवर टिकतं असं लोक समजतात. मी पाहिलं ते असं की नट गेले, गाणारे गेले, गिरणी गेली, तरी नाटक होत राहिलं. ज्या वर्षी हाताखालची फळी तुटली, त्याच वर्षी ते थांबण्याच्या बेतात आलं.

तुमच्या वाडीत, सोसायटीत, वसाहतीत मुलांना घेऊन सुट्टीत नाटक करायचं असेल, तर माझं सांगणं थोडकं आहे. भूमिका वाटण्याआधी पडद्यामागची कामं वाटा, म्हणजे ती उरलेल्यांना दिलेली वाटत नाहीत. प्रत्येक कामावर दोघं ठेवा. काम दिलं की ते काम त्या मुलाचंच, प्रयोगाच्या रात्री मोठ्यांनी मध्ये हात घालायचा नाही. यासाठी मोठ्यांची तालीम मुलांपेक्षा जास्त घ्यावी लागते. विजेची आणि उंचीवरची कामं जाणत्यांकडेच ठेवा. मुलींना घरी सोडायची व्यवस्था पहिल्या दिवशी जाहीर करा. आणि प्रयोगानंतरचा दिवसही नाटकाचाच धरा.

त्या दिवशी सकाळी आम्ही उसन्या वस्तू परत करतो. गावच्या नाटकात निम्मा संसार उसना असतो. कुणाची आरामखुर्ची, कुणाचं पितळी तबक, कुणाच्या लग्नातला शालू. वस्तू पुसून, वहीत खूण करून, ज्या मुलाने आणली त्यानेच ती परत न्यायची. ‘संशयकल्लोळ’ची तसबीर वरच्या वाडीतल्या एका आजींच्या घरातली होती. तळहाताएवढी लाकडी चौकट, आत त्यांच्या यजमानांचा जुना फोटो. प्रॉपर्टीवरच्या त्या मुलीने फोटो अलगद काढून वहीच्या पानांत ठेवला होता आणि चौकटीत नाटकातला फोटो बसवला होता.

आम्ही तिघी चढण चढून गेलो. मी, ती आणि तिच्या हाताखालची धाकटी. मुलीने ओसरीवर बसून चौकट उघडली, वहीतून फोटो काढला, कोपरे नीट बघून आत बसवला, फडक्याने काच पुसली आणि आजींच्या हातात दिली. आजींनी ती उजेडाला धरून बघितली. मग स्वतः उठून खिळ्याला लावली. आम्हाला कोकमाचं सरबत दिलं आणि मुलीला म्हणाल्या, “पुढल्या वर्षी काय नेणार गो माझ्या घरातलं?”

“पुढच्या वर्षी मी पुस्तकाला आहे, आजी,” ती म्हणाली आणि शेजारच्या धाकटीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे केलं. “तुमच्याकडे आता ही येईल.”